मामांनी ऐकलेली पत्रिका

मी लातूरला वेबसाइटी बनवतो. हे वाक्य गावाकडे शक्यतो बोलत नाही, कारण त्यावर "म्हंजी नेमकं काय करतोस" असा प्रश्न येतो, आणि माझं उत्तर संपेपर्यंत विचारणारा चहा पिऊन निघून गेलेला असतो. आई लोकांना सांगते, पोरगं कंप्युटरमध्ये आहे. त्यामुळे नायगावात आमच्या गल्लीत कुणाचा प्रिंटर अडला की मला फोन येतो. प्रिंटरमधलं मला काही कळत नाही, हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

माझी गिऱ्हाइकं म्हणजे शिकवणीवाले, दवाखानेवाले आणि एखाददुसरं मंगल कार्यालय. सगळ्यांचं मागणं एकच असतं: जरा हलतं-डुलतं पाहिजे. शिकवणीवाल्यांना पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो डावीकडून पळत आलेले हवेत, डॉक्टरांना आपलं नाव वरून अलगद उतरलेलं हवं. ते करता करता माझा हात असा बसला, की माझ्या पानावर काही म्हणता काही जागेवर राहत नाही. एक डॉक्टर म्हणाले होते, तुमची साइट बघून पेशंटला चक्कर येते. मी ते कौतुक म्हणून घेतलं आणि लोकांना सांगतही फिरलो.

अशा माणसाच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा औशाचा, नोकरीला पुण्यात. याद्या झाल्या, तारीख निघाली, नांदेडचं कार्यालय धरलं, आणि मी भर बैठकीत जाहीर केलं की आपण पत्रिका छापायची नाही. वेबसाइट करायची. एक लिंक पाठवायची, खेळ खलास.

वडील म्हणाले, "देवापुढं काय मोबाईल ठेवायचा का?" त्यावर तडजोड झाली. देवाला, कुलदैवताला आणि रुसतील अशा पाहुण्यांना छापील पत्रिका. बाकी सगळ्यांना माझं पान. रुसतील अशा पाहुण्यांचा आकडा मी कमी धरला होता.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त उमाळा आला होता तो मामांसाठी. आईचे हे एकुलते एक भाऊ मुखेडला राहतात. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवरच्या त्या खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारायचं त्यांचं काम. त्यांचा आवाज बाजाराच्या दिवशी पार भाजीवाल्यांपर्यंत जायचा. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वेळापत्रक तोंडपाठ होतं, गाड्यांचे हॉर्न ओळखीचे होते, त्यामुळे बराच काळ कुणाला कळलंही नाही. निवृत्तीनंतर उरलेली नजरही गेली.

माझी बहीण शाळेसाठी त्यांच्याकडेच वाढली. मामींनी तिची वेणीफणी केली, डबे केले, आणि अभ्यास नाही केला तेव्हा पाठीत धपाटेही घातले. मामी गेल्यावर बहीण आठवडाभर मुखेडला राहिली आणि मामांना बोलणारा फोन शिकवून आली. पडद्याला बोट लावलं की जे काही तिथं लिहिलेलं असेल ते एक बाई वाचून दाखवते. मामा त्या आवाजाला "बाई" म्हणतात, आणि तिच्याबद्दल बोलताना जरा अदबीनंच बोलतात. बाई म्हणत होती सोयाबीन उतरलं. बाईचं आज काही खरं नाही, नेट गेलंय.

आमच्याकडे नवरीच्या पाठीशी मामा उभा लागतो. मंडपात तिला त्यानं आणायचं आणि अक्षदा पडेपर्यंत मागं उभं राहायचं. मामांना दिसत नाही, तेव्हा ते तिला आणणार की ती त्यांना, असा प्रश्न आमच्या घरात कुणाच्या मनातही आला नाही. बहिणीनं तर पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, बाकी कोण येतं न येतं मला माहीत नाही, मागं मामा पाहिजेत.

तर मी मामांना फोन केला आणि छाती फुगवून सांगितलं, "मामा, आजवर प्रत्येक पत्रिका तुम्हाला कुणी ना कुणी वाचून दाखवली. ही तुम्ही स्वतः वाचायची. कुणाची गरज नाही." मामा म्हणाले, "खरं म्हनतो का?" मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

त्यानंतर मी ते पान बनवायला बसलो, आणि अंगातलं सगळं कसब बाहेर काढलं. उघडताच सोनेरी पडदा बाजूला व्हायचा. सनई सुरू व्हायची, आपोआप. गणपती फिरत यायचा. खाली लग्नाला किती दिवस, तास, मिनिटं, सेकंद राहिले ते दाखवणारं घड्याळ. त्याखाली आशीर्वाद म्हणून मामींचा मोठा फोटो, अंडाकृती चौकटीत, पुढं समई तेवते आहे, आणि चौकटीखाली मामींचं नाव इतक्या देखण्या वळणात की त्या वळणाचा फॉन्टच मिळेना, म्हणून ते अक्षर चित्रातच काढून बसवलं.

मग नावं. पत्रिकेतली नावं म्हणजे काय प्रकरण असतं ते आपल्याकडच्या माणसाला सांगायला नको. कोण वर, कोण खाली, कुणाचं ठळक, कुणाच्या मागे "मा." लागलं आणि कुणाच्या नाही, यावरून भावकी पुढची दोन लग्नं बोलत नाही. वडिलांनी नावं सांगितली, मी घातली. काका, आत्याचे यजमान, चुलत घराणं, औशाकडची मंडळी, खाली मंडप, आचारी, बँड. सगळं झाल्यावर आईनं पाहिलं आणि विचारलं, "माझ्या भावाचं कुठाय?"

मी मामांना विसरलो होतो. ज्यांच्यासाठी एवढा आटापिटा, त्यांनाच.

पण आम्ही कारागीर माणसं. मी शेवटी एक ओळ वाढवून मामांचं नाव टाकलं आणि दुसऱ्या एका हुकमानं ते उचलून सगळ्यांच्या वर नेऊन ठेवलं, सोनेरी पट्टीत, मोठ्या अक्षरात. वेबसाइटचं हे एक बरं असतं. आतल्या कागदावर माणूस शेवटच्या रांगेत बसलेला असला, तरी बाहेर त्याला पहिल्या खुर्चीवर दाखवता येतो. आई खूश झाली. मीही झालो.

आणि मामांची खास सोय म्हणून मी आणखी एक गोष्ट केली. अंध माणसांना पान नीट वाचता यावं यासाठी काय करावं यावर मी कधीतरी अर्धा लेख वाचला होता. अर्धाच, कारण मध्येच जेवायला हाक आली. त्यात लिहिलं होतं, पानावर जे बदलेल ते आपोआप वाचून दाखवायला सांगता येतं. मला ते फार आवडलं. मी ती सोय टाकली. माझ्या पानावर सतत बदलणारी गोष्ट कोणती आहे, याचा विचार मी केला नाही.

लिंक गेली. लोकांनी अंगठे, फुलं, जोडलेले हात पाठवले. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा मला फोन करून शाबासकी दिली. मुखेडहून मात्र काही आलं नाही. दोन-तीन दिवसांनी आईनंच फोन लावला, आणि बोलून झाल्यावर ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. मामांनी सांगितलं होतं: लग्नाला येईन, अक्षदा टाकीन, जेवीन, जाईन. मागं उभं राहायला दुसऱ्या कुणाला बघा. कारण विचारलं तर म्हणाले, बँडवाल्याच्या मागं ज्याचं नाव, त्यानं मंडपातसुद्धा बँडवाल्याच्या मागंच राहावं.

आईला काही समजेना. तिनं पान उघडून परत पाहिलं. भावाचं नाव सगळ्यांच्या वर, सोन्यात. तिला वाटलं एकटेपणानं त्याच्या डोक्यावर परिणाम झाला. वडिलांना वाटलं, साल्याला मानपानाचं निमित्तच पाहिजे होतं. काकांना हे कळलं तेव्हा ते म्हणाले की मुळात वर त्याचं नाव घातलंच का. बहिणीनं कुणाला काही म्हटलं नाही. ती फक्त माझ्याशी बोलायची थांबली, आणि जेवताना मला भाकरी वाढायची वेळ आली की उठून जायला लागली. मला ते फार लागलं. लहानपणापासून मी तिला छळलं होतं, पण ती अशी कधी वागली नव्हती.

मग मी लॅपटॉप घेतला आणि मुखेडला निघालो. एसटीत बसल्या बसल्या मनातल्या मनात मी भाषण तयार करत होतो. मामा, गैरसमज झालाय. मामा, तुमचं नाव सगळ्यात वर आहे, मी स्वतः ठेवलंय. भाषण चांगलं झालं होतं.

मामा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पावलावरून ओळखलं आणि म्हणाले, "या भाचेबुवा. वेबसाइट घेऊन आलाव की मानसासारखं आलाव?" मी पाया पडलो, पाणी प्यालो आणि भाषण केलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले की तू डोळे मीट, आणि मला सांग माझं नाव कुठं येतंय.

मी डोळे मिटले. लिंक उघडली.

पहिल्यांदा सनई सुरू झाली. सनईच्या आड बाई काहीतरी बोलू लागली, पण ती काय बोलते ते कळेना, कारण सनई मीच मोठ्या आवाजात ठेवली होती. सनई बंद करायचं बटण होतं. ते सुंदर होतं, एक इवलंसं कर्ण्याचं चित्र. बाईच्या लेखी ते नुसतं "बटण" होतं. तशी बरीच बटणं होती. "बटण. बटण. बटण." त्यातलं एक दाबलं तर औशाच्या कार्यालयाचा नकाशा उघडला. लग्न नांदेडला होतं. तो साखरपुड्याचा नकाशा काढून टाकायचा राहिला होता.

कशीबशी सनई थांबली, आणि घड्याळ सुरू झालं. "सेकंद अठ्ठेचाळीस." मी पुढं सरकलो. बाईनं "श्री" म्हटलं आणि लगेच, "सेकंद सत्तेचाळीस." परत "श्री ग", "सेकंद सेहेचाळीस." गणपतीचं नाव काही पुरं होईना. मामांसाठी म्हणून खास जी सोय केली होती, ती ही. दर सेकंदाला बाईला कोपर मारून गप्प करणारी.

मामांनी मग सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. लिंक आली त्या दिवशी ते स्टँडसमोरच्या हॉटेलात गेले होते. जुने कंडक्टर, ड्रायव्हर तिथं बसतात. मामांनी सगळ्यांना सांगितलं होतं की आज मला कुणी पत्रिका वाचून दाखवायची नाही, मी वाचणार, तुम्ही ऐकायची. फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला. आणि सनईनंतर बाई उलटे आकडे मोजायला लागली. हॉटेलवाल्यानं विचारलं, मामा, फुटायचं-बिटायचं तर न्हाई ना हे. सगळं हॉटेल हसलं. मामाही हसले, आणि फोन खिशात घालून घरी आले. मग दुपारभर एकटे बसून ते पान त्यांनी सेकंदांच्या मधल्या फटींतून शब्द शब्द वेचून पुरं ऐकलं.

मला आतापर्यंत किती अंगठे आणि किती फुलं आली होती. पण ती पत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस एकच निघाला.

मीही नेटानं शेवटपर्यंत गेलो. काका आले, आत्याचे यजमान आले, चुलत घराणं, औशाकडची मंडळी, मंडप, आचारी, बँड. मग "वर जा" नावाचं बटण. आणि त्या बटणाच्याही खाली, पान संपता संपता, मामांचं नाव. डोळ्यांना जे पहिल्या खुर्चीवर दिसत होतं ते बाईला आतल्या कागदावरच्या शेवटच्या रांगेतच बसलेलं सापडलं होतं. ती कागद वाचत होती. माझी सोनेरी पट्टी तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

मी डोळे उघडले आणि म्हटलं, "पण मामा, दिसतंय वरच."

म्हटल्यावर जीभ चावली. मामा म्हणाले, "मी तीस-पस्तीस वर्सं गाड्या पुकारल्या. आधी पुकारली ती आधी लागली. कानाला वर-खाली न्हाई कळत भाचेबुवा, कानाला आधी आन मागून एवढंच कळतंय."

मी तिथंच ओट्यावर लॅपटॉप उघडला. मामांचं नाव आत खरोखरच पहिल्या जागी नेलं. घड्याळाचं तोंड बंद केलं. सनई आपोआप वाजणार नाही असं केलं. प्रत्येक बटणाला नाव दिलं. गंमत अशी, की डोळ्यांना पान पूर्वीसारखंच दिसत होतं. पडदा होता, गणपती फिरत होता, सोनं होतं तिथं होतं. काही म्हणता काही काढावं लागलं नाही. मी गिऱ्हाइकांना मात्र आजवर सांगत आलो होतो की अशी सोय करायची तर दिसायला साधं करावं लागेल, म्हणून राहू द्या. हे मी कुठल्या आधारावर सांगत होतो कोण जाणे.

मामांच्या हातात फोन दिला. बाईनं गणपतीचं नाव पुरं घेतलं, लग्नाची तारीख सांगितली, कार्यालय सांगितलं, आणि नावांमध्ये पहिलं नाव मामांचं घेतलं. मी विजयी चेहऱ्यानं बघत राहिलो. तो चेहरा दाखवायलाही तिथं कुणी नव्हतं.

मामा म्हणाले, "झालं का? बरं झालं. म्या त्याच्यासाठी न्हाई रुसलो पर."

मला वाटलं आता नवीन काय. खरं सांगतो, थोडा रागही आला. त्यांनी बोट परत मागं नेलं, घड्याळाच्या आणि नावांच्या मधल्या जागेवर आणलं, आणि बाई म्हणाली, "चित्र. आय एम जी, डब्ल्यू ए, शून्य शून्य चार सात." मामांनी बोट उचलून परत टेकवलं. बाई परत तेच म्हणाली.

"तुजी मामी कुठाय यात?" मामा म्हणाले. "पोरगी तिच्या हाताखाली वाढली. सगळ्यांची नावं हायती. आचाऱ्याचं हाय. तिचं न्हाई. मला सारखं वाटलं पुढं येईल, पुढं येईल. पान सरलं. बयनीला काय सांगू, भाच्यानं तुज्या भावजयीचं नावच न्हाई घातलं म्हनून? म्हनलं माज्यावरच घ्यावं, बँडवाल्याचं सांगावं."

मी म्हणालो, "मामा, आहेत ना. सगळ्यात मोठा फोटो त्यांचाच आहे. समई आहे पुढं. खाली नाव आहे." आणि म्हणता म्हणता कळलं की नाव मी चित्रात काढलंय. फोटोला काही नाव दिलेलं नाही. बाईनं हाताला लागेल ते वाचलं, म्हणजे फोन फोटोला आपोआप देतो तो आकडा. जी शून्य शून्य चार सात म्हणून येत होती, ती मामी.

मामांनी फोन गुडघ्यावर ठेवला आणि तोंड रस्त्याकडे केलं. मला रडू आलं, आणि ते आवाजाशिवाय कसं आवरावं हेही कळेना, कारण आवाज त्यांना लगेच कळतो.

मी परत लॅपटॉप ओढला. फोटोमागं एक ओळ लिहिता येते. दिसत नाही ती; फक्त ऐकणाऱ्याला ऐकू येते. आजवर मी ती जागा शेकडो फोटोंमागं रिकामी सोडली होती. आता मी तिथं लिहिलं, "कै. मामींचे प्रसन्न मुद्रेतील छायाचित्र", पुढं त्यांचं पूर्ण नाव, आणि बाईकडून वाचून घेतलं.

मामा म्हणाले, "ही कोन? पेपरातली जाहिरात वाटायली. ती कवा प्रसन्न मुद्रेत होती?"

मी खोडलं. दुसऱ्यांदा मायेचा सागर वगैरे लिहिलं. मामांनी हातानंच नको म्हटलं. आणि विचारलं, कुठला फोटो हाय हा?

तो माझ्या लग्नातला होता. तोवर मामांची नजर गेलेली होती, म्हणजे हा फोटो त्यांनी कधीच पाहिला नव्हता. ते म्हणाले, मग लिहू नको. सांग. काय दिसतंय ते सांग.

मी सांगायला लागलो. हिरवं लुगडं, लाल काठ. कपाळावर मोठं कुंकू. केसांत अबोलीचा गजरा, थोडा कलंडलेला. कॅमेऱ्याकडे बघत नाहीत, मान डावीकडं वळवलेली आहे. हसत नाहीत, जरा वैतागल्यासारख्या दिसताहेत.

"कुनाकडं बघायली?" मामांनी विचारलं.

चौकटीत डावीकडं कुणीच नव्हतं. ते पान बनवताना मी तो फोटो कापला होता. अंडाकृती चौकटीत दोन माणसं बसेनात म्हणून. मूळ फोटो फोनमध्ये होता. तो शोधून काढला आणि बघितला. कापतानाही बघितला असणारच, पण तेव्हा मी चौकट बघत होतो.

"तुमच्याकडं," मी म्हणालो. "तुम्ही शेजारी उभे आहात. त्यांचा हात तुमच्या छातीशी आहे. तुम्हाला मी कापलं होतं."

मामांनी विचारलं, "माज्या अंगात काय हाय? जाकीट हाय का?"

होतं. राखाडी जाकीट, पांढऱ्या शर्टावर.

"गुंडी लावून द्यायली ती," मामा म्हणाले. "मला दिसंना, म्या चुकीच्या काजात घातली हुती. म्हनलं ऱ्हाऊ दे, लग्नात कोन कुनाची गुंडी बघतंय. तर म्हनली, मी बघायले की."

मी कापलेला फोटो काढून टाकला आणि मूळचा लावला. अंडाकृती चौकट त्याला बसेना, म्हणून ती चौकटही काढली. फोटोमागच्या ओळीत तेच लिहिलं, जे मामांनी सांगितलं होतं: मामींचं नाव, आणि पुढं, हिरव्या लुगड्यात, मामांच्या जाकिटाची गुंडी लावताना. मामांनी ते बाईकडून ऐकलं. परत ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांनी फोन कानाशी नेला, जसा लोक फोनवर बोलताना नेतात, आणि तसाच धरून बसले. मी उठून मोरीत तोंड धुवायला गेलो.

निघताना ते दारापर्यंत आले. बहिणीला काय सांगू, हे विचारायचं धाडस मला होत नव्हतं. त्यांनीच सांगितलं. म्हणाले, "जाकीट हाय पेटीत. घालून येतो म्हनावं. गुंडी तेवढी तिनं बघावी."

लग्नाच्या दिवशी नांदेडच्या त्या कार्यालयात गुरुजी नवरीला बोलवा म्हणून ओरडत होते आणि नवरी येत नव्हती. मी बघायला गेलो. खोलीच्या दारात बहीण शालू नेसून, मुंडावळ्या बांधून उभी होती, समोर मामा ताठ मानेनं, आणि मेंदीच्या हातांनी ती त्यांच्या जाकिटाच्या सगळ्या गुंड्या सोडून पहिल्यापासून परत लावत होती. मामा म्हणत होते, उशीर होतोय, राहू दे, कोण बघतंय. शेवटची गुंडी लावून झाली, तिनं त्यांचा हात आपल्या खांद्यावर ठेवला, आणि दोघं मंडपाकडं चालायला लागले.